नवीन दोन फुटी फिशटँक: पाणी मिश्र आहे, दुकानदार म्हणतो दोन दिवसांत मासे सोडा

निळीशाई

टँक घेतलाय, अजून कोरडाच आहे. २४ × १२ × १५ इंच, ६ मिमी काच, वर फ्रेम नाही. सोबत हँग-ऑन, म्हणजे काचेच्या काठावर टांगायचा फिल्टर (डब्यावर ताशी ४०० लिटर लिहिलंय), ७५ वॅटचा हीटर आणि एलईडी पट्टी.

पुण्यात सोसायटीत राहतो. एरवी महापालिकेचं पाणी येतं. मार्चपासून टँकर आणि बोअरचं मिसळतात. कोणत्या दिवशी टाकीत काय आहे ते वॉचमनलाही सांगता येत नाही.

दुकानदाराने दिलेली यादी: २ गोल्डफिश, १ एंजलची जोडी, ४ शार्क, १ सकर, ६ गप्पी. त्याचं म्हणणं, दोन दिवस फिल्टर चालवा, निळं औषध टाका आणि मासे सोडून द्या. इथे जुने धागे वाचून एवढं कळलं की हे बरोबर नाही. पण मग बरोबर काय, ते आकड्यांसकट हवंय. रेती, दगड, पाणी, सायकलिंग आणि शेवटी कोणते मासे, किती. घाई नाही.

---

टाकीवाला

यादीचं आधी बघू, कारण ती पाच मिनिटांत निकालात निघते. तुमच्या टँकचं माप काढलं तर काचेची जाडी वजा जाता काठोकाठ ६६ लिटर होतात. रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात ५५ लिटर पाणी राहतं. यापुढचे सगळे डोस ५५ वर धरा, ६६ वर नाही.

या ५५ लिटरमध्ये दुकानातला 'शार्क' म्हणजे पंगासिअस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. मोठा झाला की मीटरभर लांब होतो आणि कळपाने पळणारा, घाबरट मासा आहे, काचेवर तोंड आपटून घेतो. सकर दीड फुटाच्या आसपास जातो. शेवाळ खातो म्हणून विकतात, पण खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. गोल्डफिशला थंड पाणी आणि भरपूर जागा लागते, एंजलला उंची आणि उबदार पाणी, आणि मोठा झालेला एंजल तोंडात मावेल तो गप्पी गिळतो. यादीतून उरले फक्त गप्पी.

आता मांडणी. भरल्यावर एकूण वजन ८५ ते ९० किलो होईल: काच १३, रेती १४, पाणी ५५, वर दगड. टीपॉयवर ठेवू नका. लोखंडी स्टँड, त्यावर १८ मिमी प्लायवूड, त्यावर १० मिमी थर्माकोल. फ्रेम नसलेल्या टँकखाली थर्माकोल हवाच. खाली एखादा खडा किंवा स्क्रूचं डोकं राहिलं तर भार एका बिंदूवर येतो आणि तळाची काच तडकते. लेव्हल-बाटलीने दोन्ही दिशा तपासा, मग पाणी भरून ४८ तास नुसतं ठेवा. खाली वर्तमानपत्र अंथरा, बारीक गळती असली तरी त्यावर लगेच दिसते.

खिडकीसमोर ठेवू नका. दुपारचं ऊन पडलं की पाणी हिरवं होणारच, मग कुठलंही औषध ओतलं तरी फरक पडत नाही.

रेती १ ते २ मिमीची क्वार्ट्झ, म्हणजे पाण्याच्या फिल्टर प्लँटला वापरतात ती. १३-१४ किलोंत दोन इंचांचा थर बसतो. एका वेळी बादलीत तीनेक किलोच घेऊन धुवा. सगळी एकदम टाकली की वरची स्वच्छ दिसते आणि तळाचा गाळ टँकमध्ये जातो. रंगीत खडे नकोत, रंग सुटतो.

दगडांबद्दल खास सांगतो, कारण आपल्याकडे हे हमखास होतं. ओट्याचा उरलेला कडप्पा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे रचून छान गुहा करतात. कडप्पा, शहाबादी, कोटा हे तिन्ही चुनखडकच. पाण्यात हळूहळू विरघळतात आणि जडपणा चढत राहतो. आपला काळा बेसाल्ट चालतो, फक्त त्यात पांढऱ्या शिरा किंवा भोकांत पांढरे स्फटिक असतील तर त्या जागी टॉयलेट क्लीनरचा (आम्लवाला, ब्लीचवाला नव्हे) एक थेंब टाकून बघा. फसफसलं तर तो दगड बाजूला ठेवा. लिंबू किंवा व्हिनेगर या चाचणीला फार सौम्य पडतं. तपासून झाल्यावर दगड भरपूर पाण्याने धुवा.

---

गाळ_आणि_गवत

टाकीवाला यांच्याशी सहमत. मी पाणी आणि सायकलिंगचं लिहितो.

पाणी भरायच्या आधी दोन गोष्टी घ्या: थेंबांची टेस्ट किट (अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, शिवाय केएच-जीएच वेगळी; केएच म्हणजे पीएच धरून ठेवणारा कार्बोनेट, जीएच म्हणजे एकूण जडपणा) आणि साधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर. पट्ट्यांच्या किटवर अमोनिया बहुधा नसतोच, आणि नेमका तोच लागतो. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय वापरू नका. तळाला पावडर बसते आणि आकडा खोटा कमी येतो.

क्लोरीन: गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात फारसा उरत नाही, पण टाकी धुतली की त्या दिवशी ब्लीचिंग पावडर ओततात. तो दिवस कुठला हे आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून हायपो (सोडिअम थायोसल्फेट) प्रत्येक वेळी टाकायचं. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा. २० लिटरच्या बादलीला १ मिली पुरे, त्यात ०.७ पीपीएमपर्यंतचा (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीन मरतो. टाकी धुतल्याचा वास येत असेल त्या दिवशी दुप्पट घाला.

सायकलिंग म्हणजे फिल्टरच्या स्पंजवर दोन प्रकारचे बॅक्टेरिया वाढवणं. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष आहेत, नायट्रेट बरंच निरुपद्रवी, ते आठवड्याच्या पाणी बदलात जातं. रिकाम्या टँकमध्ये 'दोन दिवस फिल्टर चालवणे' याने काहीच होत नाही, कारण बॅक्टेरियाला खायलाच काही नसतं. अमोनिया बाहेरून द्यावा लागतो.

त्यासाठी अमोनिअम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. पण बाजारातला नवसागर भेसळीचा असू शकतो, लॅब केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेडची बाटली आणा. सुगंधी अमोनिया क्लीनर चालणार नाही.

द्रावण: १० ग्रॅम अमोनिअम क्लोराइड ३०० मिली आरओ पाण्यात. यातले १० मिली तुमच्या ५५ लिटरमध्ये टाकले की अमोनिया जवळपास २ पीपीएम होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पद्धत अशी:

१. हीटर २८ अंशांवर, फिल्टर चोवीस तास चालू, दिवा बंद (झाडं असतील तर ६ तास).
२. १० मिली टाका. तासाभराने टेस्ट करून २ च्या आसपास आहे का बघा.
३. अमोनिया ०.२५ च्या खाली येईपर्यंत पुन्हा टाकू नका. पहिल्यांदा दहा दिवससुद्धा लागतात.
४. नायट्राइट चढेल, जांभळा रंग येईल. येऊ द्या.
५. १० मिली टाकल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोनदा आलं की फिल्टर तयार.

साधारण चार ते सहा आठवडे धरा. ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा पिळलेला काळपट स्पंज किंवा त्यातले सिरॅमिक रिंग आणा, ओले ठेवून. मग बऱ्याचदा दोन आठवड्यांत काम होतं. दुकानाच्या टँकमधलं नुसतं पाणी आणून उपयोग नाही. बॅक्टेरिया पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात.

निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्ल्यू. नव्या टँकमध्ये त्याला काही काम नाही. सिलिकॉन कायमचं निळं पडतं आणि वाढवायला घेतलेल्या बॅक्टेरियालाही त्रास होतो.

---

रेतीखडा

विजेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी घ्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. त्या पॉइंटला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. पाणी काढायच्या दहा मिनिटं आधी हीटर बंद. चालू हीटर उघडा पडला की काच तडकते, आणि मग हात पाण्यात घालणाऱ्याचं काही खरं नाही. एअरपंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर लाइट गेली की सायफन होऊन पाणी पंपात आणि पंपातून जमिनीवर.

लाइट जाण्यावरून आणखी एक. हँग-ऑनच्या जोडीला एक स्पंज फिल्टर बॅटरीच्या एअरपंपावर चालेल असा ठेवा. चार-पाच तास प्रवाह बंद राहिला तर बंद डब्यातल्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन कमी पडतो. स्पंज उघड्यावर असतो, तो तगतो. शिवाय पुढे क्वारंटाइनच्या डब्याला तोच उचलून लावता येतो.

---

निळीशाई

खूप आभार सगळ्यांचे. स्टँड, प्लाय, थर्माकोल झालं, ४८ तास गळती नाही. शहाबादीचे तुकडे खरंच घरात पडले होते, ते गॅलरीत गेले. रेती घातली, झाडांपैकी अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधलं, मागे वॅलिसनेरिया लावलं. डोस सांगितल्याप्रमाणे.

आता तिसरा आठवडा संपतोय आणि गाडी अडली आहे. पहिले तीन डोस नीट खाल्ले गेले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर. चौथा डोस टाकला तो तसाच: अमोनिया २, हलायचं नाव नाही. नायट्राइट किटच्या वरच्या टोकाला (५), नायट्रेट ८० च्या वर दाखवतंय. पीएचची नळी पिवळीधमक, म्हणजे ६ किंवा त्याहून कमी. नळाच्या पाण्याचा पीएच ७.४ होता. रेती आम्ल सोडतेय का? बॅक्टेरियाची बाटली आणून ओतू का?

---

गाळ_आणि_गवत

बाटली आणू नका, रेतीचाही दोष नाही. नळाच्या पाण्याचा केएच किती येतो?

---

निळीशाई

नळाचा २ थेंब, म्हणजे २ अंश. टँकच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला रंग बदलला.

---

गाळ_आणि_गवत

मग उत्तर आकड्यांतच आहे. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला कार्बोनेट खाऊन टाकतं. २ पीपीएम अमोनियाचा एक डोस पूर्ण खाल्ला गेला की केएच सुमारे दोन तृतीयांश अंशाने उतरतो. तुमच्या पाण्यात होते २ अंश, तीन डोसांत २ अंश संपले. चौथ्याला पीएच धरून ठेवायला काही उरलं नाही, तो ६ वर घसरला, आणि त्या पीएचला हे बॅक्टेरिया जवळजवळ काम थांबवतात. मेलेले नाहीत, थांबलेत. धरणाचं पाणी मऊ असतं तिथे हे नेहमी होतं. परदेशी व्हिडिओत सहसा याचा उल्लेख नसतो, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी नळालाच जड पाणी येतं.

दुसरं, तीन डोसांतून मिळून १५-१६ पीपीएम नायट्राइट होऊ शकतं. किट ५ च्या पुढे दाखवतच नाही. म्हणजे '५' चा अर्थ ५ ते १५ काहीही. आणि नायट्रेटच्या ८० वर आत्ता विश्वास ठेवू नका. ती टेस्ट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग ते मोजते, त्यामुळे आधीपासून असलेलं नायट्राइटही त्यात धरलं जातं.

करायचं एवढंच:

६० टक्के पाणी बदला, हायपो टाकून. मग एक सपाट चमचा (५ ग्रॅम) खाण्याचा सोडा मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेत ओता. ५५ लिटरला १.६५ ग्रॅम सोडा म्हणजे १ अंश केएच, तेव्हा ५ ग्रॅमने तीन अंश चढतील, नव्या पाण्याचा एक-सव्वा, मिळून ४ च्या वर. बेकिंग पावडर नव्हे, नुसता सोडा. दुसऱ्या दिवशी केएच मोजा आणि सायकल संपेपर्यंत तो ४ च्या खाली जाऊ देऊ नका. अमोनियाचा नवा डोस आत्ता नको, पाणी बदलल्यावर आहे तेवढा आधी संपू दे.

हे फक्त रिकाम्या टँकमध्ये करायचं, हे वाचणाऱ्या इतरांसाठी ठळक सांगतो. मासे असताना पीएच ६ वरून एकदम ८ वर नेलात तर मरतील. पीएच ७ ला एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. किटवरचा आकडा तोच राहतो आणि विष दहापट होतं.

---

टाकीवाला

सोडा सायकलपुरता ठीक. मासे आल्यावर दर आठवड्याला चमचे मोजत बसू नका, त्यात चूक झाली की पीएच उड्या मारतो. त्यापेक्षा नायलॉनच्या जाळीत १०० ग्रॅम धुतलेले शिंपल्यांचे तुकडे फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की ते जास्त विरघळतात, जड झालं की थांबतात. मघाशी दगडांवर एवढं लिहिलं ते अनियंत्रित चुन्याबद्दल. मोजून ठेवलेला, हवा तेव्हा काढता येणारा चुना वेगळा. बोअरचं पाणी सुरू झालं की पिशवी बाहेर.

---

निळीशाई

सोड्याने काम झालं. चौथ्या दिवशी अमोनिया शून्य, मग नायट्राइट आठवडाभरात उतरलं. आता १० मिली टाकले की २४ तासांत दोन्ही शून्य, दोनदा बघितलं. काचेवर तपकिरी थर आलाय. मासे सुचवा. आणि मार्चनंतर पाणी बदललं की काय करायचं?

---

मोरपंखी

तपकिरी थर डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा), नव्या टँकला येतोच. जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, महिना-दीड महिन्यात जातो. त्यासाठी सकर घरात घेऊ नका. कोणाला नकोसा झाला की तो तळ्यात-नदीत सोडला जातो, देशात अनेक ठिकाणी त्याने स्थानिक माशांची जागा बळकावली आहे. काच साफ करायला दोन नेराइट गोगलगायी घ्या, गोड्या पाण्यात त्यांची अंडी फुटत नाहीत, संख्या वाढत नाही. पांढरे ठिपके घालतात तेवढे सोसा.

मिश्र पाणी असेल तर हौसेपेक्षा सोशिक मासे निवडा. निऑन, कार्डिनल, रॅम हे मऊ पाण्याचे, एप्रिलच्या बोअरला कंटाळतील. मॉली उलट, तिला जडच हवं. तुमच्या ५५ लिटरला मी म्हणेन:

८ चेरी बार्ब (३ नर, ५ माद्या), ६ ब्रॉन्झ कोरी, १ हनी गौरामी.

एवढंच. फार वाटत असेल तर गौरामी वगळा. कोरी सहापेक्षा कमी घेऊ नका, दोन-तीन असले की कोपऱ्यात दडून राहतात. दुकानात 'सफाईवाला' म्हणून एकेक विकतात, ते चूक. त्यांना वेगळा बुडणारा दाणा द्यावा लागतो, उरलेल्यावर जगत नाहीत. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला आणि काटक, पण दोन फुटांत त्याला पळायला कमी पडतं, म्हणून घेतला नाही.

आधी चेरी बार्ब. दोन आठवड्यांनी कोरी. गौरामी शेवटी. क्रॉफर्ड मार्केटला जा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात, मासा नाही तर टँक बघा: त्याच पाण्यात एकही मेलेला, पंख मिटून बसलेला किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा दिसला तर त्या टँकमधला कुठलाच घेऊ नका. कोरीच्या मिशा अख्ख्या आहेत का बघा. आणि दाणा टाकायला सांगा, जो धावत येत नाही तो नको. जमलं तर तीन-चार आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा, रेतीखडा यांचा स्पंज तिथे कामी येईल.

उन्हाळ्यासाठी: ४० लिटरचा ड्रम घ्या, त्यात आदल्या दिवशी पाणी भरून एअरस्टोन लावा. बोअरचं पाणी ताजं असताना त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, पीएच खोटा कमी दिसतो. २४ तासांनी मोजा. टीडीएस टँकपेक्षा १०० ने जास्त असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळून जवळ आणा. आरओची वेस्टची नळी अजिबात नको, ते मूळ पाण्यापेक्षा जड असतं. सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात कॅल्शिअमच्या जागी सोडिअम भरलेलं असतं. दर आठवड्याला २० टक्के, एकदम ५० नाही.

खोली ३४-३५ अंशांवर गेली की झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन ते चार अंश उतरतात. मग पाणी भराभर उडतं, ते भरून काढायला आरओ वापरा. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. बार्ब उडी मारतात, म्हणून झाकणाऐवजी जाळी.

---

गाळ_आणि_गवत

मोरपंखी यांनी लिहिलंय ते चोख. मासे आणायच्या दिवसाचं तेवढं राहिलं.

आदल्या दिवसापर्यंत अमोनिया देत राहा, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी. आणायच्या सकाळी ८० ते ९० टक्के पाणी बदला, म्हणजे साचलेलं नायट्रेट आणि सोड्याचं सोडिअम जाईल. नायट्रेट २० च्या खाली आलं का बघा. हीटर २८ वरून २५ वर आणा.

दुकान जवळ असेल तर पिशवी न उघडता २० मिनिटं तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी, असं चार-पाच वेळा. जाळीने मासे उचला, पिशवीतलं पाणी मोरीत. कुरिअरने आलेल्या माशांना मात्र हे लांबवू नका. बंद पिशवीत श्वासाने पीएच उतरलेला असतो, त्यामुळे आतला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. तापमान जुळवा, उघडा, लगेच जाळीने टँकमध्ये.

पहिल्या दिवशी दिवा बंद, दाणा नाही. दुसऱ्या दिवसापासून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढा. पहिले दहा दिवस रोज अमोनिया-नायट्राइट बघा. ०.२५ दिसलं तर ३० टक्के पाणी बदला आणि एक दिवस दाणा बंद. फिल्टरचा स्पंज महिन्याने, काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनदा पिळायचा. नळाखाली धरायचा नाही आणि डब्यावर 'दर महिन्याला बदला' लिहिलं असलं तरी फाटेपर्यंत बदलायचा नाही.